जाळ्यातून निसटलेला समुद्र

गव्हाच्या पिठातून मैदा वेगळा काढायचा तर फार बारीक वस्त्र लागतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गिरण्यांमध्ये त्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये विणलेलं रेशमी कापड वापरत. हे कापड मोठं नेमकं होतं. छिद्रं सगळी सारख्या मापाची, ताणलं तरी धागे सरकत नाहीत, आणि कापडाचा क्रमांक सांगितला की छिद्राचं माप कळतं. विसाव्या क्रमांकाचं कापड त्यातल्या सगळ्यांत बारीक कापडांपैकी. त्याची छिद्रं मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास.

समुद्रातल्या जीवांचा पहिला मोठा हिशेब मांडला गेला तो या गिरणीच्या कापडानं. आणि तो हिशेब किती अपुरा आहे हे जगाला दाखवून दिलं ते तांदळाच्या कणीएवढ्या एका पारदर्शक प्राण्यानं. त्याच्याजवळही एक जाळं होतं. गिरणीच्या कापडाहून ते शेकडो पटींनी बारीक होतं.

आधी हिशेबनिसाची गोष्ट सांगायला हवी. बाल्टिक समुद्रावरच्या कील या जर्मन बंदरातल्या विद्यापीठात व्हिक्टर हेन्सेन (१८३५-१९२४) शरीरक्रियाशास्त्र शिकवत. कानाच्या आतल्या रचनेवर त्यांनी केलेलं काम आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. तिथल्या काही पेशींना त्यांचंच नाव आहे. पण या गृहस्थांना दुसरं वेड होतं ते समुद्राचं. शेतकऱ्याला आपल्या रानात किती पीक येईल याचा अंदाज बांधता येतो, मग समुद्राच्या बाबतीत तसा अंदाज का बांधता येऊ नये, हा त्यांचा प्रश्न. मासे मोजणं अशक्य. म्हणून त्यांनी पाण्यात तरंगणारी माशांची अंडी मोजून पाहिली. मग माशांचं खाणं काय, त्या खाण्याचं खाणं काय, असं करत करत ते सगळ्यांत खालच्या पायरीवर पोचले. पाणी नेईल तिकडे वाहत जाणारे बारीक जीव ही ती पायरी. या सगळ्यांना मिळून एक नाव हवं होतं. १८८७ साली हेन्सेननी 'भटकणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'प्लँक्टन' हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला प्लवक म्हणतो.

दोनच वर्षांनी, १८८९ च्या जुलैत, 'नॅशनल' नावाची आगबोट कीलहून निघाली. बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा हम्बोल्ट निधी आणि खुद्द कैसर यांच्या पैशावर ही मोहीम उभी राहिली होती. हेन्सेन प्रमुख, बरोबर प्राणिशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, एक भूगोलतज्ज्ञ आणि एक चित्रकारही. ग्रीनलंडच्या दिशेनं उत्तरेला, तिथून बर्म्युडा, सारगॅसो समुद्र, केप व्हर्ड, असेन्शन बेट, ब्राझीलचा किनारा आणि परत घरी, असा नोव्हेंबरपर्यंतचा प्रवास झाला. वाटेत ठरावीक ठिकाणी थांबायचं, रेशमी जाळं २०० मीटर खोल सोडायचं, सरळ उभं वर ओढायचं, आणि जे आलं ते बाटलीत भरून ठेवायचं. पुढची कित्येक वर्षं कीलच्या प्रयोगशाळेत या बाटल्यांमधले जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले गेले. त्यासाठी हेन्सेननी खास मोजणीचा सूक्ष्मदर्शकही करून घेतला होता.

मोजणीतून निघालेली मुख्य गोष्ट अनपेक्षित होती. उष्ण कटिबंधात जमिनीवर घनदाट अरण्यं असतात, म्हणून तिथला समुद्रही जीवांनी भरलेला असेल अशी बहुतेकांची समजूत. हेन्सेनच्या जाळ्यानं उलटं सांगितलं. थंड उत्तरेकडचा समुद्र श्रीमंत, आणि निळाशार उष्ण समुद्र गरीब.

यावर येना विद्यापीठातले एर्न्स्ट हेकेल तुटून पडले. हेकेल म्हणजे त्या काळातलं जर्मन जीवशास्त्रातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. डार्विनचे कट्टर पुरस्कर्ते, उत्तम चित्रकार, आणि 'चॅलेंजर' जहाजानं जगभरातून आणलेल्या रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांचा प्रचंड ग्रंथ लिहिलेले. १८९० साली त्यांनी एक पुस्तिकाच काढली. प्लवक समुद्रात सारखं पसरलेलं नसतंच, ते कुठं थव्यांनी असतं, कुठं बिलकूल नसतं. तेव्हा चार-दोनशे ठिकाणी जाळं बुडवून महासागराची सरासरी काढणं निरर्थक आहे, असं त्यांचं म्हणणं. हेन्सेननी पुढच्या वर्षी तितक्याच कडक शब्दांत उत्तर दिलं. गंमत अशी, की याच रागीट पुस्तिकेत हेकेलनी तळावर राहणाऱ्या जीवांसाठी 'बेन्थॉस' आणि स्वबळावर पोहणाऱ्यांसाठी 'नेक्टॉन' हे शब्द दिले. आज आपण वर्गात प्लँक्टन, नेक्टॉन, बेन्थॉस असं एका दमात सांगतो, तेव्हा या दोन भांडणाऱ्यांना एका बाकावर बसवत असतो.

भांडण जोरात झालं, पण ते झालं जाळ्यात आलेल्या जीवांवरून. ते सगळीकडे सारखे असतात की नाही, त्यांची मोजणी विश्वासार्ह की नाही, एवढ्यावर दोन्ही बाजूंचा भर होता. जाळ्यातून जे निघून गेलं ते किती आणि काय, हा प्रश्न या गदारोळात मागंच राहिला. तो पुढं आणला हेन्सेनच्याच कीलमधल्या एका तरुण प्राणिशास्त्रज्ञानं, हान्स लोमान यांनी. मोहिमेतले जीव अभ्यासासाठी वाटून दिले गेले तेव्हा लोमान यांच्या वाट्याला अ‍ॅपेंडिक्युलेरिया आले. १८९६ मध्ये त्यांनी त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

घर असलेला आणि घर नसलेला प्राणी

अकरावीच्या पुस्तकात यूरोकॉर्डेटा या गटाची उदाहरणं म्हणून अ‍ॅसिडिया, साल्पा आणि डोलिओलम ही नावं येतात. अ‍ॅपेंडिक्युलेरिया त्यांचेच भाऊबंद. अ‍ॅसिडिया लहानपणी बेडकाच्या पिल्लासारखा शेपटीनं पोहतो आणि मोठेपणी खडकाला चिकटून बसतो, शेपटी गमावतो. अ‍ॅपेंडिक्युलेरिया जन्मभर शेपटी राखतो आणि जन्मभर पोहतो. त्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो, म्हणजे नात्यानं हा प्राणी किडामुंग्यांपेक्षा आपल्याला जवळचा. सगळ्यांत परिचित जातीचं, ऑयकोप्ल्यूरा डायोइकाचं, धड जेमतेम एक मिलिमीटर असतं आणि शेपटी त्याच्या तीन-चारपट. आयुष्यही तसंच आटोपशीर, कोमट पाण्यात पाच-सहा दिवसांचं.

युरोपातल्या विज्ञानाला हा प्राणी कळला तो एका कवीमुळं. आडेलबर्ट फॉन शामिसो यांनी १८१४ साली आपली सावली विकून टाकणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली आणि ती खूप गाजली. पुढच्याच वर्षी ते कोट्झेब्यू यांच्या 'रूरिक' या रशियन जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. या प्रवासात त्यांनी साल्पाबद्दल एक मोठा शोध लावला. साल्पाची एकेकटी राहणारी पिढी आणि साखळीनं राहणारी पिढी आलटून पालटून येतात, म्हणजे मूल आईसारखं नसतं, आजीसारखं असतं. १८१९ साली हे छापलं गेलं तेव्हा अनेकांना ती कवीची कल्पना वाटली. ते खरं असल्याचं मान्य व्हायला पाव शतक लागलं. त्याच प्रवासात उत्तरेकडच्या थंड पाण्यात शामिसोंना शेपटीवाला एक चिमुकला पारदर्शक जीव मिळाला. आयझेनहार्ट यांच्याबरोबर १८२१ साली त्यांनी त्याला अ‍ॅपेंडिक्युलेरिया हे नाव दिलं. सावली नसलेल्या माणसाचा लेखक आणि जवळपास सावली न पडणारा प्राणी यांची गाठ पडली ती अशी.

शामिसोंना प्राणी दिसला, त्याचं घर दिसलं नाही. घर प्रथम पाहिलं ते मर्टेन्स यांनी, दुसऱ्या एका रशियन जहाजावर. १८३० च्या सुमारास त्यांनी वर्णन केलं की हा प्राणी स्वतःभोवती काचेसारखा एक फुगा तयार करतो. म्हणून त्यांनी ऑयकोप्ल्यूरा हे नाव दिलं. त्यातल्या 'ऑयको'चा अर्थ घर. पण या घराचा उपयोग श्वास घेण्यासाठी असावा असा त्यांचा तर्क होता. पुढं टी. एच. हक्सले यांनी १८५१ साली हा प्राणी कुणाची अळी नसून स्वतःच पूर्ण वाढलेला आहे आणि तो अ‍ॅसिडियाच्या कुळातला आहे हे दाखवलं. हक्सलेंनाही घर पाहायला मिळालं नाही.

प्राणी सापडतो आणि घर सापडत नाही, असं का व्हावं? कारण साधं आहे. घर पाण्याहून थोडंसंच घट्ट असतं. जाळ्याचा धक्का लागला की ते फाटतं, किंवा प्राणी घाबरून त्यातून निसटतो. जाळ्यात उरतो तो बेघर प्राणी. घर बघायचं तर जाळं बाजूला ठेवून पाण्यासकट भांड्यात अलगद उचलावं लागतं. हर्मान फोल यांनी मेसिनाच्या सामुद्रधुनीतल्या अ‍ॅपेंडिक्युलेरियांचा असा धीरानं अभ्यास केला आणि १८७२ मध्ये घराची तपशीलवार वर्णनं व चित्रं दिली. लोमान यांनी १८९९ साली हेच काम पुढं नेलं आणि घर हे श्वसनाचं नसून अन्न गाळायचं यंत्र आहे, हे त्याच्या भागाभागांचं काम सांगून स्पष्ट केलं.

हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे. प्राण्याच्या धडावरच्या त्वचेतल्या काही ठरावीक पेशी घराचे वेगवेगळे भाग पाझरतात. कुठल्या पेशींनी कुठला भाग करायचा हे ठरलेलं असतं. प्रथम घर अंगाला चिकटलेल्या चुरगळलेल्या पिशवीसारखं असतं. मग प्राणी डोकं हलवून, शेपूट आत घालून, ते पाण्यानं फुगवतो आणि मिनिटभरात वाटाण्याएवढं घर उभं राहतं. घराला दोन खिडक्या. त्यांवर जाळी. प्राणी आत बसून शेपटी लाटेसारखी हलवतो, तसं बाहेरचं पाणी खिडक्यांतून आत येतं. खिडकीची जाळी जरा मोठी असते, जातीनुसार दहा-बारा मायक्रॉनपासून पुढं. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) मोठे, काटेरी, घशात अडकतील असे जीव तिथंच अडतात. आत आलेलं पाणी दोन पंखांसारख्या पसरलेल्या गाळण्यांमध्ये शिरतं. या गाळण्या फारच बारीक. पाणी त्यांच्या भिंतींतून बाहेर जातं, कण आत राहतात, आणि घट्ट होत गेलेला हा 'रस्सा' एका नळीतून थेट प्राण्याच्या तोंडाशी येतो. घशात शेवटची एक चिकट गाळणी असतेच. गाळलेलं पाणी घराच्या मागच्या दारानं जोरात बाहेर पडतं आणि त्याच्या धक्क्यानं घर पुढं सरकतं. म्हणजे स्वयंपाकघर आणि मोटार एकच.

गाळणी तुंबली की प्राणी सुटकेच्या दारातून बाहेर पडतो, घर टाकून देतो आणि नवं फुगवतो. ऑयकोप्ल्यूरा डायोइका साधारण चार तासांनी घर बदलतो. घर धुऊन परत वापरण्यापेक्षा नवं बांधणं त्याला परवडतं, हे आपल्याला पटायला जरा जड जातं.

प्राण्याच्या ताटात डोकावून

लोमान यांच्या लक्षात आलेली गोष्ट आता सांगतो. इतका चोखंदळ गाळणारा प्राणी काय खातो हे पाहायला त्यांनी ताज्या घराच्या गाळणीत सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. गाळणी भरलेली होती. चिमुकले चाबकाच्या शेपटीचे एकपेशीय जीव, लहानसे डायाटम, आणि चुन्याच्या गोल चकत्या अंगावर ल्यालेल्या कोकोलिथोफोर या हरित पेशी. यांतले कितीतरी त्यांनी हेन्सेनच्या जाळ्याच्या बाटल्यांमध्ये कधी पाहिलेच नव्हते, किंवा क्वचित एखाददुसरा. ज्या पाण्यातून रेशमी जाळं जवळजवळ रिकामं वर येई, त्याच पाण्यातला एक मिलिमीटरचा प्राणी मात्र पोटभर जेवत होता.

एकोणिसाव्या शतकात साल्पाच्या पोटातून सूक्ष्म जीवांचे नमुने काढायची युक्ती निसर्गशास्त्रज्ञांना ठाऊक होती. पण पोटात गेलेला जीव अर्धवट पचलेला असतो. अ‍ॅपेंडिक्युलेरियाच्या घराचा मोठा फायदा असा, की गाळणी शरीराबाहेर असते. त्यात अडकलेले जीव जिवंत, अखंड सापडतात. लोमान यांनी त्यांचा शोधाचं साधन म्हणून वापर केला. १९०९ साली त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाच्या नावातच घरांचा 'समुद्रातल्या जीवनाच्या संशोधनासाठी' असलेल्या महत्त्वाचा उल्लेख आहे.

कोकोलिथोफोरांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. त्यांच्या चुन्याच्या चकत्या, म्हणजे कोकोलिथ, समुद्रतळाच्या चिखलात आणि खडूच्या दगडात आधीच सापडल्या होत्या. १८५८ मध्ये त्यांना नाव दिलं ते हक्सलेंनीच. पण त्या जिवंत पेशींच्या अंगावरच्या आहेत की नुसता रासायनिक साका, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज गावी राहून लोमान यांनी या जिवंत पेशींचा अभ्यास केला आणि १९०२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यात वर्णन केलेल्या एका पाच मायक्रॉनच्या जातीला त्यांनी हक्सलेंचं नाव जोडलं. आज तिला एमिलियानिया हक्सलेयी म्हणतात. जगातला सगळ्यांत विपुल कोकोलिथोफोर हाच, आणि तो इतका वाढतो की उपग्रहांतून घेतलेल्या चित्रांत शेकडो किलोमीटरचा समुद्र दुधाळ दिसतो. असा जीव रेशमी जाळ्याच्या छिद्रातून दहा-दहा एकदम जाऊ शकतात एवढा लहान.

घरानं दाखवलं की काहीतरी निसटतंय. किती निसटतंय हे मात्र घरावरून मोजता येत नव्हतं, कारण एका घरातून किती पाणी गेलं ते कळायला मार्ग नव्हता. लोमान यांनी मग एकेक साधन तपासायला घेतलं. दाट विणीचं टॅफेटा रेशीम, कडक फिल्टर पेपर, आणि शेवटी सेंट्रिफ्यूज, म्हणजे केंद्रोत्सारी यंत्र. समुद्राचं थोडंसं पाणी नळीत घ्यायचं, यंत्र गरगर फिरवायचं, तळाशी बसलेला थेंबभर साका लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्यातले जीव जिवंतपणीच मोजायचे. 'लगेच' याला महत्त्व होतं. यांतले पुष्कळ नाजूक जीव टिकवणीच्या रसायनात टाकले की विरघळून जातात. बाटल्या भरून घरी न्यायच्या आणि सावकाश मोजायच्या या कीलच्या पद्धतीत ते जाळ्यातून निसटले नसते तरी बाटलीत नाहीसे झाले असते.

(वर्गात याची कल्पना सहज देता येईल. शेवाळलेल्या टाकीचं हिरवट पाणी आधी चहाच्या गाळणीतून, मग दुहेरी मलमलीतून आणि शेवटी फिल्टर पेपरमधून गाळा. मलमलीतून खाली आलेल्या पाण्याचा हिरवेपणा किती उरला ते मुलांनाच सांगू द्या.)

१९०५-०६ मध्ये लोमान यांनी कीलजवळच्या लाबो इथल्या पाण्याचा वर्षभर नेमानं हिशेब ठेवला आणि १९०८ साली तो छापला. त्यात जाळं, फिल्टर आणि सेंट्रिफ्यूज ही तिन्ही साधनं एकमेकांना ताडून पाहिलेली होती. पेशींच्या संख्येत बघितलं तर जाळ्यात येणारे जीव म्हणजे अगदी किरकोळ भाग. बहुसंख्य होते ते निसटणारे. या निसटणाऱ्यांना त्यांनी 'बुटका' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नॅनोप्लँक्टन असं नाव दिलं. १९११ मध्ये जर्मन अंटार्क्टिक मोहिमेच्या 'डॉइचलांड' जहाजावरून ते ब्युएनॉस आयरेसपर्यंत गेले आणि वाटेत सबंध अटलांटिकभर सेंट्रिफ्यूज फिरवत राहिले. हेन्सेनच्या मोहिमेनंतर बावीस वर्षांनी तोच महासागर पुन्हा मोजला गेला, या वेळी जाळ्याविना.

मग हेन्सेन चुकले का? माझ्या मते हा प्रश्न जितका वाटतो तितका सोपा नाही. उष्ण कटिबंधातला मोकळा समुद्र थंड समुद्राहून गरीब, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. तिथल्या वरच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट यांसारखी खतं फार कमी पोचतात. चुकलं ते गरिबीचं माप. खतं कमी असली की लहान पेशींची चलती होते, कारण आकारमानाच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग जास्त आणि म्हणून शोषणं सोपं. म्हणजे जाळ्याची गळती सगळ्यांत जास्त नेमकी उष्ण समुद्रात होती. हेकेल यांचा आक्षेप, प्लवक थव्यांनी असतं हा, तोही पुढं बऱ्याच अंशी खरा ठरला. पण त्यांचा सल्ला मोजणी सोडून द्या असा होता. लोमान यांनी मोजणी सोडली नाही, मोजायचं साधन बदललं. त्यामुळं या वादात माझं मत कीलच्या बाजूनं पडतं.

गाळणीचं खरं माप

लोमान यांच्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून घराच्या आतल्या गाळणीची छिद्रं नीट मोजता येण्यासारखी नव्हती. ती मोजली गेली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं. १९८५ साली थंड समुद्रातल्या ऑयकोप्ल्यूरा व्हॅनहोफेनी या जातीच्या गाळणीची मोजमापं प्रसिद्ध झाली: छिद्राची रुंदी सुमारे ०.२ मायक्रॉन. प्रयोगशाळेत पाणी जंतुविरहित करायला जी पटलं वापरतात त्यांचंही माप हेच असतं.

दरम्यान माणसाचं जाळंही बारीक होत गेलं होतं. १९७९ साली समुद्रात सगळीकडे असलेले सायनेकोकॉकस नावाचे, मायक्रॉनभर आकाराचे प्रकाशसंश्लेषी जीवाणू सापडले. १९८८ मध्ये त्याहून लहान, सुमारे ०.६ मायक्रॉनचा प्रोक्लोरोकॉकस सापडला, आणि संख्येनं तो पृथ्वीवरचा सगळ्यांत विपुल प्रकाशसंश्लेषी जीव ठरला. लोमान यांच्या सेंट्रिफ्यूजमधून ते निसटले होते. अ‍ॅपेंडिक्युलेरिया मात्र हे दोन्ही आधीपासूनच खात आलेला आहे. म्हणून त्याचं समुद्रातलं स्थान विलक्षण आहे. एरवी एवढ्या लहान पेशी माशाच्या पिल्लापर्यंत पोचायच्या तर मधे तीन-चार खाणारे लागतात. इथं पेशी अ‍ॅपेंडिक्युलेरियानं खाल्ली, अ‍ॅपेंडिक्युलेरिया पिल्लानं खाल्ला. मधल्या पायऱ्या गायब.

टाकून दिलेल्या घरांचं काय होतं, हा प्रश्न मात्र समुद्रात उतरल्याशिवाय सुटणारा नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले विल्यम हॅमनर आणि त्यांचे विद्यार्थी दोर बांधून खोल, मोकळ्या समुद्रात बुड्या मारू लागले. जाळ्यात ज्यांचा चोथा होतो ते प्राणी जागच्या जागी बघायचे, हा उद्देश. त्यांच्यातल्या अ‍ॅलिस ऑलड्रेज यांनी कॅलिफोर्नियाच्या आखातात टाकून दिलेली घरं तरंगताना पाहिली आणि १९७२ साली लिहिलं की ही घरं म्हणजे इतर प्राण्यांचं अन्न आहे; त्यांवर बसून कोपेपॉडसारखे प्राणी चरत होते. घरं तुंबलेली असतात ती कणांनीच, म्हणजे टाकलेलं घर रिकामं नसून भरलेलं ताट असतं. न खाल्लेली घरं चिकटत, जमत खाली जातात आणि वरून झरणाऱ्या 'सागरी हिमा'चा भाग बनतात.

खोल समुद्रात याच कुळातले राक्षस आहेत. कार्ल शुन यांनी 'वाल्डिव्हिया' जहाजाच्या १८९८-९९ च्या मोहिमेत मिळालेल्या काही सेंटीमीटर लांबीच्या एका अ‍ॅपेंडिक्युलेरियाला ग्रीक पुराणात मृतात्म्यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं नाव दिलं, बॅथोकॉर्डियस कॅरॉन. त्यांना मिळाले ते घराविना. या राक्षसांची घरं १९७९ साली एरिक बारहॅम यांनी खोल जाणाऱ्या पाणबुड्यांतून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. ती एक मीटरपर्यंत मोठी असतात.

पुढची गोष्ट वाचताना हेन्सेन आठवल्याशिवाय राहत नाही. वरच्या समुद्रातून तळाकडे किती कार्बन जातो हे मोजायला शास्त्रज्ञ नरसाळ्यासारखे सापळे पाण्यात टांगतात. या सापळ्यांत जेवढं अन्न जमा होई त्यापेक्षा तळावरचे प्राणी जास्त खाताना दिसत. हिशेब जुळत नव्हता. २००५ साली ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात दूरनियंत्रित यंत्रांच्या कॅमेऱ्यांनी केलेल्या दहा वर्षांच्या निरीक्षणावरून सांगितलं, की राक्षसी अ‍ॅपेंडिक्युलेरियांची टाकलेली घरं दिवसाला सुमारे ८०० मीटर वेगानं तळाकडे जातात, आणि त्यांतून पुष्कळ कार्बन खाली पोचतो. सापळ्यांमध्ये ही घरं नीट सापडतच नव्हती.

एका घरातून किती पाणी जातं, हा लोमान यांचा अडलेला प्रश्नही याच उपसागरात सुटला. काकानी कातिया आणि सहकाऱ्यांनी लेझर प्रकाशाचा पातळ पडदा घरातून आरपार नेला, त्यात चमकणाऱ्या कणांची गती कॅमेऱ्यानं टिपली, आणि घराला हात न लावता पाण्याचा प्रवाह मोजला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला सर्वांत मोठा आकडा तासाला सुमारे ७६ लिटर असा होता. त्या भागातले सगळे राक्षसी अ‍ॅपेंडिक्युलेरिया मिळून १०० ते ३०० मीटर खोलीमधलं पाणी दोन आठवड्यांच्या आत गाळून काढू शकतात, असा त्यांचा अंदाज. त्याच वर्षी याच गटानं या प्राण्यांच्या घराजवळ प्लॅस्टिकचे रंगीत सूक्ष्म गोळे सोडून पाहिले. प्राण्यांनी ते गाळले, गिळले, काही विष्ठेतून बाहेर टाकले, काही घराला चिकटले. म्हणजे समुद्रात तरंगणारं बारीक प्लॅस्टिकही याच वाटेनं तळाशी जाऊ शकतं.

प्लवकांची जाळी आता रेशमाऐवजी नायलॉनची असतात. अटलांटिकमध्ये ओढा नाहीतर आपल्या अरबी समुद्रात, मिळालेल्या लगद्यात अ‍ॅपेंडिक्युलेरिया सापडतात ते शेपटी वळवलेले, आणि घराशिवाय.